साथीला बसलेला माणूस



आजच्या विषयाचा फलक चौकात लागल्यापासून मला तिघांनी रस्त्यात गाठून एकच प्रश्न विचारला, “मास्तर, रॉक संगीत आणि तुम्ही? हे भलतेच काय?” प्रश्न रास्त आहे. माझी उभी हयात दिवसा शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात आणि संध्याकाळी पेटी वाजवण्यात गेली. रॉक म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे केस वाढवून, गिटार कमरेखाली अडकवून उड्या मारणारी पोरे उभी राहतात आणि हात आपोआप कानांवर जातात. त्या पोरांविषयी मी आज बोलणार नाही. त्यांच्या मागे, दिव्यांच्या झोतापासून जरा बाजूला, तीन-चार पट्टीवाद्यांच्या मधोमध एक अबोल माणूस बसत असे. त्याच्याविषयी बोलणार आहे. त्याचे नाव रिचर्ड राइट. ‘पिंक फ्लॉइड’ नावाच्या इंग्रज वाद्यवृंदात तो पियानो, ऑर्गन आणि त्या जातीची इतर वाद्ये वाजवीत असे. आजच्या भाषेत कीबोर्डवाला. आपल्या भाषेत पेटीवाला म्हणा ना!

माझी त्याची ओळख कशी झाली तेही सांगतो. माझ्या मुलाच्या खोलीत एक तबकडी होती. वेष्टन काळेभोर; त्यावर काचेचा एक त्रिकोणी लोलक, एका बाजूने आत शिरणारा पांढरा किरण आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारे रंग. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर, मी रंग मोजले. ते सहाच भरले! पारवा रंग गाळलेला. चूक काढायला म्हणून मी ती तबकडी हातात घेतली आणि ऐकायला म्हणून खाली ठेवलीच नाही. पुढे कळले, की त्या वाद्यवृंदाच्या पूर्वीच्या वेष्टनांवर चमत्कारिक छायाचित्रे असत आणि या वेळी काही साधे, नेटके, रेखीव करा अशी सूचना करणारा मनुष्य हाच राइट होता. जगातल्या बहुधा सर्वांत ओळखीच्या वेष्टनामागे या अबोल माणसाचे हे एवढेसे म्हणणे होते. त्याच्या साऱ्या कारकिर्दीची तऱ्हा हीच आहे.

रिचर्ड विल्यम राइटचा जन्म २८ जुलै १९४३ रोजी लंडनच्या वायव्येस हॅच एंड या उपनगरात झाला. बाराव्या वर्षी पाय मोडून तो घरी अडकून पडला आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत गिटार, ट्रंपेट आणि पियानो ही वाद्ये आपल्या आपण शिकला. (पाय मोडल्यावर आमच्याकडे मुले काय करतात हे विचारू नका.) १९६२ साली तो लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकात वास्तुशास्त्र शिकायला गेला. वास्तुशास्त्रात त्याचे मन कधीच रमले नाही. पण तेथे त्याला रॉजर वॉटर्स आणि निक मेसन हे दोन सहाध्यायी भेटले. वॉटर्स पुढे खर्जाची गिटार वाजवू लागला, मेसन ड्रम. राइटने वास्तुशास्त्र सोडले आणि काही काळ लंडन कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतले. थोड्याच दिवसांत केंब्रिजचा सिड बॅरेट हा चित्रकलेचा विद्यार्थी त्यांना येऊन मिळाला. गाणी लिहिणारा, गाणारा, देखणा, विलक्षण कल्पक. दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांतले एकेक नाव उचलून वाद्यवृंदाचे बारसे त्यानेच केले.

आता मला थोडे वाद्यांविषयी बोलू द्या, कारण त्यावाचून या माणसाचे काम समजणार नाही.

पियानोचा सूर हा आघाताचा सूर आहे. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर पडते, सूर उठतो आणि विझू लागतो. आपली पेटी आणि युरोपातला ऑर्गन यांचा सूर विझत नाही. पट्टीवर बोट आहे आणि भाता चालू आहे तोवर तो उभा असतो. आपल्या गायकाला पेटी हवीशी वाटली ती याचसाठी: तो दमसास घ्यायला थांबला तरी मागे सूर उभा राहतो. आकाशवाणीने १९४० साली पेटीला मज्जाव केला आणि तो तीस-एक वर्षे चालला, पण आपल्या नाटकमंडळींनी आणि भजनीमंडळींनी तिला घराबाहेर काढली नाही. राइट आरंभी जे वाद्य वाजवीत असे ते इटलीत बनलेले फारफिसा नावाचे विजेचे ऑर्गन होते. फारफिसाचे कारखानदार मूळचे ॲकॉर्डियन बनवणारे, आणि ॲकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची सख्खी मावसबहीण! दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्याच. म्हणजे मी त्याला पेटीवाला म्हणतो यात अगदीच ओढाताण नाही.

या ऑर्गनचा आवाज तो बिन्सन नावाच्या दुसऱ्या एका इटालियन यंत्रातून सोडीत असे. त्यात एक चुंबकीय चकती फिरत असते. एका जागी तिच्यावर आवाज नोंदला जातो आणि पुढे ठेवलेल्या तीन-चार वाचक-डोक्यांखालून ती जाते तसा तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतो. दरीत हाक मारावी आणि ती चार कड्यांवरून परत यावी, तसे. १९६६-६७ साली लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या यूएफओ नावाच्या तळघरातल्या क्लबात हा वाद्यवृंद वाजवू लागला तेव्हा श्रोत्यांना भुरळ पडली ती बॅरेटच्या गाण्यांची. पण त्या गाण्यांभोवती धुके पसरावे तसा हा ऑर्गनचा सूर पसरलेला असे. राइटने पाश्चात्त्य, पौर्वात्य कसलीही शास्त्रे फारशी गिरवली नव्हती. त्याचे प्रेम जॅझवर, विशेषतः माइल्स डेव्हिसवर.

१२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये यांचा एक जलसा झाला. सभागृहाच्या कोपऱ्यांत ध्वनिक्षेपक लावले होते आणि राइटच्या हाताशी एक पेटीवजा यंत्र. त्यावरचा दांडा जिकडे फिरवावा तिकडच्या कोपऱ्यातून आवाज यायचा. श्रोता बसल्या जागी आणि सूर त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो आहे! आज चित्रपटगृहात आपल्याला याची सवय झाली आहे. तेव्हा ती नवलाची गोष्ट होती. जलसा संपला आणि कोणीतरी ते यंत्रच चोरून नेले. त्यांना नवे करावे लागले. तशा एका यंत्राने पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात जागा मिळवली.

त्याच वर्षी पहिली तबकडी निघाली, नाव झाले आणि त्याच वर्षी बॅरेटचे मन ढासळू लागले. मादक द्रव्यांचा वाटा त्यात होता. सगळाच त्यांचा होता का, हे आज कोणी सांगू नये. रंगमंचावर तो गिटार गळ्यात घेऊन नुसता उभा राही. १९६८च्या आरंभी डेव्हिड गिल्मर या त्याच्या मित्राला गिटारीसाठी घेतले आणि एके दिवशी जलशाला जाताना बॅरेटला बरोबर न्यायचे नाही असे ठरले. राइट त्या सुमारास रिचमंडला बॅरेटसमवेत एकाच घरात राहत होता. त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले, की सिगारेटी आणायला जातो अशी थाप मारून तो घराबाहेर पडे, जलसा वाजवी आणि दुसऱ्या दिवशी परत येई. श्रोतेहो, हे चित्र मला फार दिवस सोडीना. आपण वाजवून आलो आहोत हे घरी बसलेल्या मित्राला कळू नये, म्हणून हा माणूस दारात क्षणभर थांबत असेल का?

बॅरेट गेल्यावर दोन-तीन वर्षे ही मंडळी चाचपडत होती. कधी चित्रपटाला संगीत दे, कधी पितळी वाद्यांचा ताफा आणि गायकवृंद घेऊन अर्ध्या तासाची रचना कर. त्यातला बराचसा भाग मी एकदा ऐकला आणि पुन्हा ऐकायची इच्छा झाली नाही. खरी वाट सापडली ती १९७१ साली, आणि ती राइटच्या एका बोटाने सापडली. हे मी अलंकारिक बोलत नाही. ‘एकोज’ नावाची त्यांची तेवीस मिनिटांची रचना आहे. तिची सुरुवात पियानोच्या एका उंच सुराने होते, एकाच! पियानोपुढे ध्वनिग्राहक ठेवून तो सूर ‘लेस्ली’ नावाच्या ध्वनिक्षेपकातून सोडला आहे. या लेस्लीत कर्णा फिरता असतो. आगगाडी शीळ घालीत जवळ येते तेव्हा शीळ चढी लागते आणि दूर जाताना उतरते, हे आपण सर्वांनी फलाटावर ऐकले आहे. कर्णा गरगर फिरू लागला की तेच एका सेकंदात अनेकदा घडते आणि स्थिर सुराला पाण्यासारखी थरथर येते. राइट स्टुडिओत सहज चाळा करीत बसला होता. तो सूर उठला आणि बाकीचे तिघे काम टाकून ऐकू लागले. सबंध रचना त्या एका थेंबाभोवती साठत गेली. मी वर्गात डॉप्लरचा सिद्धान्त तीस वर्षे शिकवला. हे उदाहरण मला तेव्हा ठाऊक असते, तर पोरे जांभया देती ना.

आणि मग १९७३ची ती लोलकाची तबकडी, ‘द डार्क साइड ऑफ द मून’. अमेरिकेत खपाच्या यादीत ती १९८८ पर्यंत ७४१ आठवडे राहिली. चार कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज आहे. तिच्यातले सारे शब्द वॉटर्सचे आहेत: पैसा, वेळ, वेड, मरण असे माणसाला पिळून काढणारे विषय. शब्द ज्याचे त्याचे तत्त्वज्ञान, अशी लोकांची समजूत असते. म्हणून तबकडी वॉटर्सची मानली जाते. पण तिच्यातल्या दहा तुकड्यांपैकी पाचांवर रचनाकार म्हणून राइटचे नाव आहे. पहिल्या गाण्यात एक स्वरमेळ आहे, इंग्रजीत ज्याला कॉर्ड म्हणतात तो. सरळ चाललेली वाट एकदम गल्लीत वळावी तसा तो कानाला वळवतो. तो आपण माइल्स डेव्हिसच्या तबकडीवरून उचलला, असे राइटने मोकळेपणी सांगून टाकले होते. आणखी एका गाण्याची चाल त्याने इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनी याच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी पियानोवर बांधली होती. पडद्यावर विद्यार्थ्यांची आणि पोलिसांची हाणामारी आणि खाली हा संथ, दुखरा पियानो, अशी त्याची कल्पना. दिग्दर्शकाला ती फार उदास वाटली आणि त्याने ती परत केली. परत केलेला माल तीन-एक वर्षे फडताळात पडून राहिला. त्यावर वॉटर्सने युद्धाविषयीचे शब्द चढवले आणि ते तबकडीवरचे सर्वांत लांब गाणे झाले. नाकारलेल्या गोष्टी जपून ठेवाव्यात त्या अशा!

याच तबकडीतल्या एका तुकड्यापाशी मला थांबायचे आहे. त्यात गाण्याचे शब्दच नाहीत. राइटने ऑर्गनवर काही स्वरमेळ बांधले होते. विषय मृत्यूचा, आरंभी जलशांत त्यावर धर्मग्रंथातले वाचन ऐकवीत. पुढे ऑर्गन जाऊन पियानो आला, पण वर काय घालावे हे कळेना. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स याने क्लेअर टॉरी या पंचवीस वर्षांच्या गायिकेचे नाव सुचवले. २१ जानेवारी १९७३, रविवारचा दिवस. तिला सांगितले, शब्द नाहीत, चाल नाही, मरणाचा विचार कर आणि गा. बाई बिचारी प्रथम गोंधळली. मग आपला कंठ हेच एक वाद्य आहे असे समजून तिने आकांत मांडला. दोन-तीन वेळा गायली, आपण भलतेच काहीतरी केले असे वाटून ओशाळली, रविवारचे म्हणून दुप्पट असे तीस पौंड घेतले आणि घरी गेली. आपले गाणे तबकडीत घेतले आहे हे तिला, तिच्याच सांगण्याप्रमाणे, दुकानात वेष्टनावरचे आपले नाव वाचून कळले.

गायिका म्हणून नाव होते. रचनाकार म्हणून नाव होते एकट्या राइटचे. आता न्याय कसा करायचा सांगा! स्वरमेळ त्याचे, जमीन त्याची. पण लोकांच्या काळजाला जे भिडले ते त्या बाईचे रडणे, आणि ते तिला कोणी लिहून दिले नव्हते. एकतीस वर्षांनी, २००४ साली, टॉरीबाईंनी वाद्यवृंदावर आणि ध्वनिमुद्रण-कंपनीवर दावा लावला. २००५ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. किती रक्कम दिली ते जाहीर झाले नाही. परंतु त्यानंतरच्या प्रतींवर गायनाची रचना टॉरी यांची असे छापले जाऊ लागले. मला हे योग्य वाटते. आणि हे सांगताना मला थोडा संकोचही होतो, कारण साथीदाराची बाजू घेऊन मी आज उभा आहे आणि इथे साथीदारानेच, आपण होऊन नसेल, पण दुसऱ्या साथीदाराचा वाटा एकतीस वर्षे आपल्या नावावर वागवला.

संकोचाचे आणखी एक कारण घरचे आहे. आमच्या गावातल्या एका हौशी नाट्यसंस्थेत मी अकरा वर्षे पेटी वाजवली. प्रयोगाच्या हस्तपत्रकावर रंगभूषाकाराचे नाव असे, खुर्च्या पुरवणाऱ्याचे नाव असे, मध्यंतरात चहा देणाऱ्याचेही असे, पेटीवाल्याचे नसे. मी कधी बोललो नाही. न बोलण्याचे मी मोठेपण समजत होतो. आता वाटते तो भिडस्तपणा होता, आणि माझ्यानंतर आलेल्या मुलाला त्याची किंमत द्यावी लागली. आपल्याकडे गोविंदराव टेंबे साथीची पेटी वाजवता वाजवता १९११ साली ‘मानापमाना’च्या पदांना चाली देऊन स्वतःच्या नावाने उभे राहिले. पण प्रत्येक पेटीवाला काही टेंबे नसतो.

यशानंतर या चौघांची घडी विस्कटू लागली. १९७५च्या तबकडीत अजून जीव आहे. तो बॅरेटच्या आठवणीचा जीव आहे. तिच्यातली मुख्य रचना त्या हरवलेल्या मित्राला उद्देशून आहे, आणि जूनमध्ये तिचेच काम ॲबी रोडच्या स्टुडिओत चालू असताना एक लठ्ठ, डोके-भुवया भादरलेला मनुष्य आत येऊन बसला. हा कोण हे कोणाला ओळखेना. तो बॅरेट होता! त्या रचनेचा शेवटचा भाग एकट्या राइटचा आहे, आणि तो मावळत असताना अगदी अंधुकपणे बॅरेटच्या १९६७ सालच्या एका गाण्याची लकेर ऐकू येते. ज्याला माहीत नाही त्याच्या लक्षातही येणार नाही. सिगारेटी आणायला म्हणून जो बाहेर पडत असे, त्याने सात वर्षांनी दिलेले हे उत्तर, असे मी आपले समजतो.

त्यानंतर वॉटर्सची लेखणी भरधाव सुटली आणि राइटचा हात थांबला. १९७७च्या तबकडीवर रचनाकार म्हणून त्याचे नाव कोठेच नाही. १९७९ साली ‘द वॉल’चे काम निघाले तेव्हा तर प्रकरण हातघाईवर आले. गुंतवणुकीच्या गोंधळात सर्वांचे बरेच पैसे बुडाले होते, करांच्या धास्तीने मंडळी देशाबाहेर काम करीत होती, कंपनीला तबकडी नाताळापूर्वी हवी होती. राइटचा संसार मोडत आलेला. उन्हाळ्याची सुटी मुलांबरोबर घालवायची म्हणून तो ग्रीसमध्ये होता. सुटी अर्धी टाकून ये असा निरोप गेला, त्याने नाही म्हटले. वॉटर्सने अट घातली: राइट जाईल, नाहीतर काम थांबेल. राइट गेला.

येथे वॉटर्सला खलपुरुष ठरवणे सोपे आहे, आणि पुष्कळ लोक तसे करतात. मी करणार नाही. राइट त्या दिवसांत काही नवे आणीत नव्हता हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. गिल्मरचेही मत त्या वेळी फार निराळे नव्हते. वाद्यवृंद ही भागीदारी आहे. भागीदार दुकानात येऊन नुसता बसून राहू लागला तर बाकीच्यांनी काय करावे? परंतु एक गोष्ट वॉटर्सच्या हिशेबात कधीच धरली गेली नाही. राइटचे काम ‘आणण्या’चे नव्हतेच. दुसऱ्याने आणलेल्याला राहायला जागा करून देणे, हे त्याचे काम होते. शब्द मोजता येतात, चाली मोजता येतात. जागा कशी मोजणार? ती नाहीशी झाल्यावर घर अडचणीचे का वाटते एवढेच कळते. त्याच्यावाचून निघालेली यांची एकच तबकडी आहे, १९८३ची. ती ऐका. शब्द धारदार आहेत, संताप खरा आहे, आणि श्वास घ्यायला कोठे फट नाही.

या हकालपट्टीला एक गमतीची शेपटी आहे. ‘द वॉल’चे जलसे व्हायचे होते आणि वाजवायला माणूस तर हवा. तेव्हा राइटलाच ठरावीक पगारावर ठेवले! १९८० आणि ८१ साली चार ठिकाणी मिळून ३१ प्रयोग झाले. प्रयोग चालू असताना रंगमंच आणि श्रोते यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची चाळीस फूट उंच भिंत रचायची आणि शेवटी ती पाडायची. खर्च इतका झाला, की मालकांना मोठी खोट आली. नोकराला पगार मात्र ठरल्याप्रमाणे मिळाला. चौघांत त्या जलशांत पैसे मिळवलेला एकटा राइट!

नंतरचे थोडक्यात सांगतो. १९८४ साली त्याने एका तरुण सहकाऱ्याबरोबर यंत्रसंगीताची एक तबकडी काढली. ती फसली आणि ती चूक होती असे तोच म्हणे. १९८५ साली वॉटर्स बाहेर पडला, नावावरून कोर्टबाजी झाली, आणि गिल्मर व मेसन यांनी नव्याने डाव मांडला तेव्हा राइट परत आला, पण पुन्हा पगारीच. १९८७च्या तबकडीतल्या छायाचित्रात दोघेच दिसतात. तिसरा वाजवतो आहे, चित्रात नाही. १९९४च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये मात्र तो रचनाकार म्हणून परतला आणि त्यातले एक गाणे त्याने स्वतः म्हटले, १९७३ नंतर त्यांच्या तबकडीवर प्रथमच. आवाज थकलेला आहे, थोडा कापतो. मला तो गिल्मरच्या कमावलेल्या आवाजाहून जवळचा वाटतो. आमचे चिरंजीव याबाबत माझ्याशी भांडतात.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कात गरीब राष्ट्रांच्या कर्जमाफीसाठी मोठा जलसा झाला. त्यात १९८१ नंतर प्रथमच चौघे एकत्र उभे राहिले. मी त्याचे चलच्चित्र पाहिले आहे. शेवटी वॉटर्स सर्वांना हाताने बोलावतो आणि चौघे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकतात. राइट कडेला आहे, हसतो आहे. पुढच्या वर्षी बॅरेट वारला. त्या उन्हाळ्यात गिल्मरच्या जलशांत बॅरेटचे सर्वांत पहिले गाणे म्हटले गेले, तेव्हा ते गायला राइट होता. १५ सप्टेंबर २००८ रोजी कर्करोगाने तो गेला. वय पासष्ट.

१९९३-९४ साली तिघांनी मिळून केलेले मोकळे वादन वीस तासांहून अधिक फितींवर पडून होते. त्यातून निवडून गिल्मर आणि मेसन यांनी २०१४ साली शेवटची तबकडी काढली. तिच्यात जवळजवळ शब्द नाहीत. जे आहे ते बहुतेक या गेलेल्या माणसाने पसरून ठेवलेल्या सुरांवर उभे आहे. आयुष्यभर जो सर्वांची साथ करीत होता, त्याची साथ करायला बाकीचे बसले होते.

त्या तबकडीत एक तुकडा जेमतेम दीड मिनिटाचा आहे. लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये भिंतभर उंचीचा, सुमारे दहा हजार नळ्यांचा ऑर्गन आहे. १९६९ साली तेथे जलसा होता, तेव्हा पंचवीस वर्षांच्या राइटने त्या प्रचंड वाद्यापुढे बसून थोडे वाजवून पाहिले, आणि कोणीतरी ते मुद्रित करून ठेवले. पंचेचाळीस वर्षे ती फीत तशीच पडली होती. तो आवाज आता तेथे घातला आहे, आणि त्याखाली रचनाकार म्हणून एकच नाव छापले आहे: राइट.

तो तुकडा मी सोबत आणला आहे. चिटणीस, जरा तो मधला दिवा मालवा, आणि अध्यक्षांची अनुज्ञा असेल तर लावू.